एका दिवसाचा खानदेश

फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी दुपारी साडेचारला मुंबईच्या धक्क्यावर उतरला आणि रात्री आठच्या कलकत्ता गाडीत बसला. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा घडवणाऱ्या कादंबरीचा हा नायक. मधल्या साडेतीन तासांत त्याने पासपोर्टाचं काम उरकलं आणि स्टेशनावर जेवण घेतलं. मुंबई पाहण्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी खानदेशातून धडधडत गेली आणि दुपारी साडेबाराला बऱ्हाणपूरला थांबली. तिथे त्याच्या नोकराने खोट्या मोत्यांनी मढवलेला चपलांचा जोड विकत घेतला. खानदेशाच्या वाट्याला या जगप्रसिद्ध प्रवासात एवढंच आलं.

व्हर्न हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. त्याने गाडीच्या खिडकीतून दाखवलेल्या खानदेशात कापसाबरोबर कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीचे मळे आहेत. यातला कापूस तेवढा खरा. जळगाव, अमळनेर, धुळ्याच्या कुठल्याही शेतकऱ्याने बाकीची यादी एका क्षणात खोडून टाकली असती. पण गाडी थांबलीच नाही, तर विचारणार कुणाला?

आज मराठी कुटुंबं उत्तर युरोपच्या जहाजसफरीला जाऊ लागली आहेत. सकाळी बर्गन किंवा कोपनहेगनच्या धक्क्याला जहाज लागतं, संध्याकाळी परत चढायचं असतं, आणि हातातल्या सात-आठ तासांत काय पाहायचं याची आखणी महिनोन्‌महिने आधी घरात सुरू होते. धक्क्यापासून गावात जायला किती वेळ, कोणतं संग्रहालय कोणत्या वारी बंद, जेवायचं कुठे, परतीला किती वेळ राखून ठेवायचा. ही आखणी नव्या काळाची वाटते. प्रत्यक्षात समुद्रापासून दूर असलेल्या, बंदराचा वाराही न लागलेल्या खानदेशात ती चारशे वर्षं चालत आली आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचा इतिहास बराचसा वाटेवरच्या थांब्यांचा इतिहास आहे. कोण कुठे थांबला, किती वेळ थांबला आणि त्या वेळाचं त्याने काय केलं, यावर इथली कितीतरी गावं उभी राहिली किंवा मागे पडली.

या थांब्यांचं मूळ बंदर म्हणजे सुरत. पावसाळा सरल्यावर सुरतेला जहाजं लागायची आणि तिथला माल, वकील, व्यापारी आग्र्याकडे निघायचे. वाट खानदेशातून बऱ्हाणपुराला जायची. नवापूर, नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, मग थाळनेरला तापी ओलांडायची आणि उत्तर काठाने चोपडा, अडावद, रावेर असं करत बऱ्हाणपूर गाठायचं. आजचा सुरत–नागपूर महामार्ग साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असा तापीच्या दक्षिणेने जातो. जुनी वाट उत्तरेने जायची. त्यामुळे त्या काळी थाळनेर आणि चोपड्याचं जे महत्त्व होतं, ते आज नकाशा पाहून लक्षातही येत नाही.

थाळनेर तर एकेकाळी राजधानीच होती. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा फारुकी याला थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला आणि तिथून खानदेशच्या फारुकी घराण्याची सुरुवात झाली. १३९९ मध्ये मलिक राजा वारला. त्याची आणि त्याच्या वंशजांची थडगी आजही थाळनेरला आहेत. नदीच्या काठावर किल्ल्याचे अवशेष, गावाबाहेर घुमटांच्या दगडी कबरी. पावसाळ्यात तापी चढली की नावेशिवाय पैलतीर गाठता येत नसे, त्यामुळे सुरतेहून येणाऱ्याला इथे थांबणं भागच पडायचं. नदीच्या उताराने गावाला मुक्काम मिळवून दिला आणि मुक्कामाने गावाला बाजार दिला.

इंग्लंडचा राजा जेम्स याचा वकील सर टॉमस रो याच वाटेने गेला. ३० ऑक्टोबर १६१५ रोजी तो सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपुरात पोचला. पंधरा दिवसांचा हा प्रवास त्याने रोजनिशीत टिपून ठेवला आहे. चोपड्याला त्याने गावाबाहेर तंबू ठोकला. तिथले अंमलदार धावत आले. डोंगरात चोरांच्या टोळ्या आहेत, उघड्यावर राहू नका, गावात चला, असा त्यांचा आग्रह. रो ऐकेना. शेवटी त्यांनी स्वार आणि बंदूकवाले पाठवून रात्रभर त्याच्या तंबूभोवती पहारा ठेवला. पाहुण्याच्या हट्टापायी साऱ्या गावाने रात्र जागून काढायची, हा अनुभव खानदेशाला तेव्हापासूनचा आहे. पुढे बऱ्हाणपूरच्या सराईत त्याला चार खोल्या मिळाल्या. त्या त्याला भट्टीएवढ्या आणि भट्टीच्याच आकाराच्या वाटल्या, भिंतीत विटांनी बांधलेल्या, वर गोल. राजाच्या वकिलाला ही जागा अपमानाची वाटली आणि त्याने तसं लिहूनही ठेवलं.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने याच वाटेवरचे टप्पे कोसांत मोजले. सुरत ते बऱ्हाणपूर १३२ कोस. त्याच्या टिपणातली एक नोंद थांब्याच्या इतिहासात फार मोलाची आहे. वालोडहून नवापूरचा टप्पा पूर्वी एका मजलेला फार लांब पडायचा आणि मुलूखही सीमेवरचा, मुघलांना धड न जुमानणाऱ्या राजांचा. काफिले लुटले जायचे. मग शहाजहानची मुलगी जहाँआरा बेगम हिने मध्येच एक सराई बांधली आणि एका न झेपणाऱ्या मजलेच्या दोन झाल्या. त्या ठिकाणाला लोक बेगमची सराईच म्हणू लागले. एका इमारतीने वाटेचं वेळापत्रक बदललं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

नवापुरात ताव्हेर्निए रमला तो तांदळापाशी. विणकरांनी भरलेलं मोठं गाव, पण खरा व्यापार तांदळाचा. दाणा बारीक, आणि शिजल्यावर कस्तुरीसारखा वास. दरबारातली बडी माणसं हाच भात खायची आणि इराणला भेट म्हणून पाठवायलाही हाच तांदूळ निवडायची, असं तो सांगतो. खानदेश म्हटलं की ज्वारी-बाजरीची भाकरी डोळ्यांपुढे येते. पण पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात उत्तम भात पिकतो, हे एका फ्रेंच माणसाला नवापुरात उतरल्यामुळे कळलं. व्हर्नने कल्पनेने लवंगा उगवल्या, ताव्हेर्निएने थांबून तांदूळ हुंगला. दोघांमधला फरक थांब्याचा आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी धरणगावला वखार घातली, कारण इथलं कापड. वखार म्हणजे कायमचा थांबाच. पण त्याच काळात शिवाजी महाराजांच्या फौजांनी धरणगाव लुटलं आणि व्यापाऱ्यांची गणितं बिघडली. वाटेवरच्या गावाला पैसा येतो तो वाटेनेच, आणि संकटही त्याच वाटेने.

यानंतरच्या थांब्यांचा केंद्रबिंदू अजिंठा. लेणी खानदेशात नाहीत. ती निजामाच्या राज्यात होती आणि आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. पण डोंगर उतरला की खानदेश सुरू होतो, आणि लेण्यांकडे जाणाऱ्याची पावलं बहुतेक इथूनच पडत आली. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाच्या २८ व्या पलटणीतला जॉन स्मिथ शिकारीला आला असताना त्याला वाघोरा नदीच्या वळणावर लेण्याची कमान दिसली. त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ऐतिहासिक चित्रावर नाव कोरणाऱ्या पर्यटकांच्या परंपरेत तोही बसतो, हे खेदाने म्हणावं लागतं.

१८४४ मध्ये कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. तो आला आणि उरलेलं आयुष्य इथेच राहिला. अजिंठा गावातली बारादरी हे त्याचं घर. त्याने तैलरंगात केलेल्या भव्य नकला लंडनला गेल्या आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. गिल पुन्हा कामाला लागला, कॅमेरा हाती घेतला, जोडछायाचित्रं काढली. पारो नावाच्या स्थानिक स्त्रीशी त्याचं नातं जुळलं. १८५६ मध्ये ती वारली. तिची कबर अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ या दीर्घ कवितेत ही कहाणी मराठीत आणली. १८७९ च्या एप्रिलमध्ये आजारी गिलला हलवलं जात असताना त्याचा मृत्यू झाला. त्याला पुरलं भुसावळला. अजिंठ्याचा आयुष्यभराचा चित्रकार खानदेशाच्या रेल्वेगावात झोपला आहे आणि त्याच्या जवळून रोज शेकडो माणसं अजिंठ्याच्या नावाने गाड्या बदलतात. त्यातल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

गिलच्या हयातीतच रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला चाळीसगाव, पाचोरा, जळगाव ओलांडून भुसावळकडे सरकले. १८६५ मध्ये थळ घाट पूर्ण झाला आणि मुंबईची गाडी अखंड या बाजूला येऊ लागली. १८६७ मध्ये नागपूर जोडलं गेलं, १८७० मध्ये जबलपूरमार्गे कलकत्ता. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला होता. म्हणजे युरोपातून बोटीने मुंबईला उतरणारा आणि रेल्वेने कलकत्त्याला जाणारा प्रत्येक माणूस खानदेशातून जाणार हे ठरून गेलं. सुरतेचं बंदर मागे पडलं, मुंबईचं पुढे आलं, पण वाटेतला खानदेश होता तिथेच राहिला.

मग प्रश्न तोच, जहाजाच्या प्रवाशाचा. मुंबईला उतरल्यावर हाताशी थोडे दिवस आहेत, अजिंठा पाहायचा आहे, कुठे उतरायचं? सुरुवातीला उत्तर होतं पाचोरा. मुंबईहून सुमारे ३७२ किलोमीटर. तिथून लेण्यांजवळचं फर्दापूर गाव पन्नासेक किलोमीटर, आणि तेही बैलगाडीने. तासाला तीन-चार किलोमीटर धरले तरी जायलाच रात्रंदिवस मोडायचा. वाटेत नद्या, नाले, काळी माती. पावसाळ्यात त्या मातीत चाकं रुतली की बैल सोडून ढकलत बसावं लागे. फर्दापूरला प्रवाशांची बंगली होती, मुघलकाळातली सराईही होती. बंगलीत खाट मिळायची, पण शिधा, अंथरूण, कंदील, स्वयंपाकी हे सगळं बरोबर न्यावं लागे. लेणी फर्दापूरहूनही कोस-दोन कोस आत. थोडक्यात, एका दिवसाचा अजिंठा त्या काळात शक्यच नव्हता. तीन दिवसांखाली कुणी बेत करत नसे.

आज ही हालअपेष्टा वाचून हळहळ वाटते, पण तिचा एक फायदा होता. आलेला माणूस राहायचा. बॉम्बे स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षं हंगामागून हंगाम येत राहिले. त्यांनी करवून घेतलेल्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. गिलचं नशीब जणू त्यांच्याही मागे लागलं होतं. तरी १८९६-९७ मध्ये त्यांचे दोन थोरले ग्रंथ निघाले आणि अजिंठा जगापुढे आला. १९०९ ते १९११ या काळातल्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम ही इंग्लिश चित्रकार आली. तिच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि व्यंकटप्पा हे तरुण चित्रकार होते. काळोख्या लेण्यात दिव्याच्या उजेडात बसून ओल्या-फिक्या रेषा कागदावर उतरवायच्या, वटवाघळांचा वास सोसायचा, आणि संध्याकाळी मुक्कामावर परतायचं.

त्यातल्या नंदलालांची खानदेशाशी पुन्हा गाठ पडली. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा हट्ट होता की मंडप, कमानी, नगर सगळं स्थानिक कारागिरांच्या हातचं आणि स्थानिक वस्तूंचं असावं. ती जबाबदारी नंदलालांवर आली. त्यांनी बांबू, चटया, गवत यांतून नगर उभं केलं आणि अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैलांच्या सहा जोड्यांनी ओढायचा रथ सजवला. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या माणसाने इथून जवळच दीड-दोन हजार वर्षांच्या चित्रांपुढे बसून रेघ शिकली, तोच माणूस शेतकऱ्याच्या बैलगाडीवर ती रेघ घेऊन परतला. साने गुरुजी या अधिवेशनासाठी गावोगाव हिंडले. अधिवेशन संपलं, बांबूचं नगर उतरलं. पण ‘फैजपूर’ हे नाव देशाच्या इतिहासात राहिलं ते काही दिवसांच्या मुक्कामामुळे.

तिकडे रूळ वाढत होते. सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास अमळनेरपर्यंत आली आणि पुढे जळगावला जोडली गेली. त्याच वर्षी चाळीसगाव–धुळे फाटाही सुरू झाला. रो आणि ताव्हेर्निएच्या वाटेचा बराच भाग लोखंडाचा झाला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव पूर्वेचं ठाणं झालं, धुळे पश्चिमेचं. दोन मार्गांच्या जोडावरचं जळगाव झपाट्याने वाढलं आणि अजिंठ्याचं स्टेशन हा मान पाचोऱ्याकडून हळूहळू जळगावकडे गेला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोरा–जामनेर ही अरुंद रुळांची गाडी निघाली, लोकांच्या तोंडी ‘पीजे’. शेंदुर्णी, पहूर अशी ती रमतगमत जायची. पहूरपासून फर्दापूर वीस-पंचवीस किलोमीटर. शंभर वर्षं शेतकऱ्याचा भाजीपाला, शाळकरी पोरं आणि आठवड्याच्या बाजाराची गर्दी वाहिलेली ही गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. आता मोठ्या रुळांचं काम हाती घेतलेलं आहे.

खरा बदल केला मोटारीने. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले, इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांची निगा घेतली, रस्ते नीट केले, फर्दापूरला पाहुण्यांसाठी विश्रामगृह बांधलं. जळगाव स्टेशनाहून सकाळी निघालेली मोटार दुपारच्या आत लेण्यांपाशी आणि रात्री परत. तीन दिवसांचा अजिंठा एका दिवसावर आला.

नॉर्वेतही जवळपास याच दशकांत प्रवास असा ठरलेल्या वेळेत बसू लागला होता. १८९३ मध्ये तिथे किनाऱ्याने टपाल आणि प्रवासी नेणारी हुर्टिग्रूटेन ही बोटसेवा सुरू झाली. ठरलेल्या बंदरात, ठरलेल्या वेळी, ठरलेला थांबा. हौशी प्रवाशांच्या बोटी फ्योर्डमध्ये शिरू लागल्या आणि काठच्या कोळ्यांच्या गावांनी आपला दिवस बोटीच्या भोंग्यावर लावला. इकडे १ जून १९१२ च्या सुमारास बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून पंजाब मेल सुटू लागली. बोटीतून उतरलेला प्रवासी धक्क्यावरच गाडीत चढायचा आणि चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ओलांडत पेशावरकडे जायचा. चाळीसगावचा, जळगावचा टांगेवालाही मेलच्या वेळा तोंडपाठ ठेवायचा.

चाळीसगावात तर एका माणसाचं सगळं आयुष्य त्या गाडीच्या वेळेवर टांगलेलं होतं, असं लोक सांगतात. केकी मूस, जन्म १९१२, मुंबईत वाढलेले, परदेशात छायाचित्रण शिकलेले. आई-वडिलांच्या व्यवसायामुळे चाळीसगावला स्टेशनाजवळच्या दगडी घरात राहिले आणि पुढची सुमारे पाच दशकं घराबाहेर फारच क्वचित पडले. टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून त्यांनी निसर्गदृश्यं उभी केली, छायाचित्रांसाठी देशोदेशीची शेकडो पारितोषिकं मिळवली. मुंबईतल्या प्रेयसीने पंजाब मेलने येईन असा शब्द दिला होता, म्हणून ते रोज रात्री दारं-खिडक्या उघडून, फुलं मांडून गाडीची वाट पाहायचे, ही कथा गावात घरोघरी आहे. १९८९ च्या डिसेंबरअखेरीस ते गेले. घर आता कलादालन आहे. मुंबईहून येणारी गाडी चाळीसगावला थांबते तेव्हा उतरावं असं वाटायला हे एक कारण पुरेसं आहे.

दुसरं कारण पाटणादेवीचं. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगरपायथ्याशी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, तेराव्या शतकाच्या आरंभी, आणि त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात वाचून जगापुढे ठेवला. ग्रंथांच्या अभ्यासासाठी दिलेलं दान दगडावर कोरलेलं आहे, आणि देवळाच्या कोरीव भिंतीवर दुपारचं ऊन पडलं की दगड मधासारखा दिसतो. जवळच पितळखोऱ्याची लेणी, अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या काळातली. अजिंठ्यावर दर वर्षी लोटणाऱ्या गर्दीचा शंभरावा हिस्साही इथे वळत असेल असं वाटत नाही.

धुळ्याच्या थांब्यांचा रंग वेगळा. हे मुंबई–आग्रा रस्त्यावरचं गाव. लळिंगचा किल्ला, सोनगीरचा किल्ला, दोन्ही त्या रस्त्यावर पहारा करत उभे. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात थांबले. कामापुरता मुक्काम. पण लोक तो विसरले नाहीत. दर वर्षी ३१ जुलैला आजूबाजूच्या जिल्ह्यांतून हजारो माणसं पावसात डोंगर चढून त्या बंगल्यापाशी जमतात. पुस्तकांची गाठोडी, भाकरीचं फडकं, निळे झेंडे, लेकरं खांद्यावर. एखाद्या माणसाच्या एका दिवसाच्या थांब्याची जत्रा व्हावी, असं भाग्य फार कमी जागांना मिळतं.

इतिहासाचार्य राजवाडे मात्र कागदपत्रांच्या शोधात आयुष्यभर गावोगाव हिंडून अखेर धुळ्यात थांबले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांची दप्तरं, शिल्पं, ताम्रपट, नाणी आजही राजवाडे संशोधन मंदिरात पाहायला मिळतात. थोड्याच अंतरावर शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेलं समर्थ वाग्देवता मंदिर. समर्थ संप्रदायाची हजारो हस्तलिखितं, आणि त्यांत खुद्द रामदासांच्या हातचं समजलं जाणारं वाल्मीकि रामायण. कोपनहेगनच्या एका दिवसात प्रवासी ज्या आस्थेने राजवाड्यातलं जडजवाहीर पाहतो, त्या आस्थेने पाहावं असं हे धन आहे.

१९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारसा ठरला. २००४ मध्ये डेक्कन ओडिसी ही आरामगाडी निघाली, रुळांवरची जहाजसफरच ती. तिच्या मार्गपत्रिकेत अजिंठ्यासाठीचा थांबा म्हणून जळगाव आलं. पाहुणे सकाळी उतरायचे, गाडीने लेण्यांकडे जायचे, परतून डब्यात जेवायचे. गावाने त्यांना पाहिलं, त्यांनी गाव पाहिलं नाही. फॉगच्या वेळेपासून चालत आलेली ही रीत मोडायला हवी, आणि ती मोडणं अवघड नाही.

बेत साधा आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालं की पहाटे जळगाव, साधारण ४२० किलोमीटर. तिथून नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर असा साठ किलोमीटरचा रस्ता. फर्दापूरच्या तिठ्यावर खाजगी गाडी ठेवायची आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. सकाळच्या पहिल्या बसने गेलं तर पहिल्या लेण्यातला पद्मपाणी गर्दीआधी निवांत भेटतो. मग दोन, सोळा, सतरा. जुन्यांपैकी नऊ आणि दहा, आणि शेवटी सव्विसाव्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध. तीसही लेणी एका दिवसात रेटण्याच्या भानगडीत पडू नये. चार तास नीट पाहिलं तर दुपारी माघारी फिरता येतं.

जेवण मात्र जळगावच्या बाजूला येऊनच करावं. हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचं भरीत, काडीवर भाजलेलं आणि लाकडी बडजीत ठेचलेलं, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. इतर वेळी शेवभाजी, तर्रीदार. मेहरूणची बोरं लागली असतील तर पिशवी भरून घ्यावी. त्यानंतर जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ, मार्च २०१२ मध्ये उघडलेलं, दोन तास सहज मागून घेतं. बहिणाबाईंचं असोदं गावाला लागूनच आहे. भुसावळहून परतीची गाडी असेल, तर तासभर आधी पोचून रॉबर्ट गिलच्या कबरीपाशी जाऊन यावं. दुसरा दिवस हाताशी असेल त्याने अमळनेरला साने गुरुजींच्या शाळेचं गाव पाहून धुळ्याला राजवाडे मंदिर गाठावं, किंवा चोपड्याच्या वाटेने थाळनेरला जाऊन तापीच्या काठी उभं राहावं, जिथे रो आणि ताव्हेर्निए नदी उतरले.

जळगावची सहल आखणाऱ्या पर्यटन कंपन्यांनी आणि दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने हा बेत छापील पत्रकात, स्टेशनावर, मराठीसह चार भाषांत लावावा. आणि वाचकांनी तारीख ठरवताना एवढं पाहावं की तो वार सोमवार नसेल, कारण सोमवारी अजिंठा बंद असतो.